काच तापली की आवाज पळतो: डोपंट मिसळलेल्या काचेच्या पातळ थरात ध्वनिवेग मोजायला शिकताना

संशोधनासाठी नवीन मुलं-मुली येतात तेव्हा मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो. काच तापवली तर तिच्यातून जाणारा आवाज वेगानं जाईल की हळू? बहुतेक जण म्हणतात, हळू. लोखंड तापलं की मऊ पडतं, मऊ वस्तूतून आवाज रेंगाळत जातो, मग काच तरी वेगळी कशाला वागेल? खिडकीच्या काचेपुरतं हे उत्तर बरोबर आहे. शुद्ध सिलिकेची, म्हणजे फक्त सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, काच मात्र नेमकी उलट वागते. परभणीकडच्या एका विद्यार्थिनीनं पहिला ग्राफ काढला आणि धावत येऊन म्हणाली, "सर, हे उलटंच व्हायलंय की!" तिचा ग्राफ बरोबर होता.

हा लेख अशाच नवख्यांसाठी आहे. तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठाशी जोडलेल्या एखाद्या कॉलेजात आहात, हाताशी जुनी भट्टी, इंटरफेरोमीटर आणि कधी चालू कधी बंद असणारा एसी आहे, आणि विषय हाती आलाय डोप केलेल्या, म्हणजे दुसरा एखादा पदार्थ (डोपंट) मुद्दाम मिसळलेल्या, सिलिकेच्या थरातल्या ध्वनिवेगाचा. तर सुरुवात कुठून करायची, ते सांगतो.

हे मोजायचं कशाला, तेही थोडक्यात. मोबाइलमधले रेडिओ फिल्टर हे खरं तर आवाजाचेच फिल्टर असतात. त्यातल्या ॲल्युमिनियम नायट्राइडसारख्या पदार्थात तापमान वाढलं की ध्वनिवेग घटतो, आणि फिल्टरची वारंवारता दर अंशाला दहा लाखात २५ भागांच्या आसपास खाली सरकते. २ गिगाहर्ट्झच्या फिल्टरला ६० अंशांचा फरक पडला तर ही घसरण ३ मेगाहर्ट्झ होते. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन आठवा. यावर उपाय म्हणून फिल्टरमध्ये उलट वागणाऱ्या सिलिकेचा थर घालतात. एक घसरतो, दुसरा चढतो, बेरीज शून्याच्या जवळ येते. सिलिकेत फ्लोरिन मिसळलं तर हा चढ आणखी तीव्र होतो, म्हणून त्या डोपिंगमागं उद्योगवाले लागलेले असतात. आपल्याकडं वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात ऑप्टिकल फायबर तयार होते. तिचा गाभाही जर्मेनियम मिसळलेली सिलिकाच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली. लायगोच्या आरशांवर सिलिका आणि टायटेनिया (टायटेनियमचा ऑक्साइड) मिसळलेला टँटला (टँटलमचा ऑक्साइड) यांचे थर एकावर एक चढवलेले असतात. तिथं चिंता ध्वनिवेगापेक्षा थरात मुरणाऱ्या कंपनाची असते, पण घराणं एकच.

आधी पाणी आणि करडईचं तेल

थरांना हात लावण्याआधी पंधरा दिवस द्रवांवर घालवा. कमीपणा वाटून घेऊ नका. आपल्या जवळपास प्रत्येक भौतिकशास्त्र विभागात २ मेगाहर्ट्झचा द्रवांसाठीचा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर असतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर भरा, भोवतीच्या जॅकेटमधून स्थिर तापमानाचं पाणी फिरवा, मायक्रोमीटर हळूहळू फिरवत मीटरचा काटा कितव्यांदा शिखरावर जातो ते मोजा. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. एकेका शिखराचं अंतर लिहीत बसू नका, सलग वीस मोजा. २० अंशांना पाण्यात ध्वनिवेग सेकंदाला १४८२ मीटर असतो, म्हणजे वीस शिखरांना ७.४१ मिलिमीटर लागतात. ४० अंशांना वेग १५२९ होतो आणि तीच वीस शिखरं ७.६४ मिलिमीटरवर जातात. पाव मिलिमीटरचा हा फरक कुणालाही दिसतो.

आता सेल धुऊन, वाळवून त्यात करडईचं तेल भरा. इथं गणित फिरतं. तेलात वेग दर अंशाला साधारण तीन मीटरनं घटत जातो. त्यासाठी दुकानातला सीलबंद डबा आणायची गरज नाही, घरचं घाण्याचं तेलही चालेल. फक्त गाळून घ्या आणि बुडबुडे जाईपर्यंत थांबा.

हा प्रयोग मी मुद्दाम करायला लावतो. तापल्यावर वेग घटणं हा सर्वसाधारण नियम आणि पाणी त्याला अपवाद. पाण्यातला वेग ७४ अंशांपर्यंत चढत जातो आणि मग उतरू लागतो. पाण्याचे रेणू एकमेकांशी चौफुली करून, मध्ये बरीच पोकळी ठेवून जोडलेले असतात. सिलिकेची घडणही तशीच पोकळ आहे. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनच्या मध्ये, आणि हा सांधा सरळ नसून वाकलेला. दोघांचं उलटं वागणं योगायोगाचं नाही.

सिलिकेचे चार आकडे पाठ करा

टेबलासमोर चिकटवून ठेवा. घनता घनमीटरला २२०० किलो. दाब-तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ५९६० मीटर, कातर-तरंगाचा ३७६०. औष्णिक प्रसरण अंशाला दहा लाखात ०.५५ भाग. आणि चौथा, आपल्या कामाचा: खोलीच्या तापमानाच्या आसपास दाब-तरंगाचा वेग दर अंशाला दहा लाखात ८५ च्या घरात वाढतो. मीटरमध्ये सांगायचं तर अंशाला जेमतेम अर्धा मीटर.

वेगाचा वर्ग म्हणजे ताठरपणा भागिले घनता. सिलिका तापल्यावर जवळजवळ फुगतच नाही, म्हणजे घनता जागच्या जागी. तेव्हा वेग वाढला तो ताठरपणा वाढल्यामुळेच. असं का व्हावं? मी बाजेचं उदाहरण देतो. बाजेची सुतळी सैल असली की माणूस बसताच झोळ पडतो, ओढून ताणली की तीच बाज टणक लागते. सिलिकेचं जाळं थंड असताना किंवा दाबाखाली वाकत, दुमडत सैल रचनेत जातं, तापताना त्यातले सांधे उलगडत ताणल्या रचनेकडं जातात. उपमा ढोबळ आहे, शोधनिबंधात लिहू नका. पण सिलिकेवर दाब दिला तर सुरुवातीला ती ताठ न होता मऊ पडते, या दुसऱ्या विचित्र गोष्टीशीही ती जुळते.

आता या जाळ्यात सोडियम टाका. सोडियम सांधे तोडतो आणि पोकळीत जाऊन बसतो. बाजेच्या भोकांत चिंध्या कोंबल्यासारखं. मग उलगडायला जागाच उरत नाही आणि काच इतर पदार्थांसारखी सरळ वागू लागते, तापली की वेग घटतो. खिडकीच्या काचेत सोडियम आणि कॅल्शियम भरपूर असतं म्हणून ती तशी. हा सोडियम पुढं माझ्याच अंगावर आला, त्याची हकीकत येईलच.

डोपंट कोणता

जर्मेनियम, फॉस्फरस, बोरॉन, टायटेनियम, फ्लोरिन यांपैकी काहीही मिसळलं तरी सिलिकेतला वेग कमी होतो. ॲल्युमिना मिसळला तर वाढतो. हे झालं एका तापमानाला. तापमानाबरोबरचा चढ हा वेगळा प्रश्न आहे आणि नवखे इथं हमखास घोळ घालतात. फ्लोरिननं वेग कमी होतो, पण चढ वाढतो. ॲल्युमिनानं वेग वाढतो, पण चढ बोथट होतो. भरपूर ॲल्युमिना असलेल्या फायबरमध्ये तर चढ जवळपास नाहीसा करून दाखवलेला आहे. वहीत या दोन गोष्टींचे दोन वेगळे रकाने आखा.

पहिल्या वर्षी फ्लोरिनच्या नादाला लागू नका. तो थरात घालायला फ्लोरिनयुक्त वायू आणि प्लाझ्मावर चालणारी यंत्रणा लागते. आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून काही जुगाड करता येईल का, असा विचार मनात आला तर तिथल्या तिथं सोडून द्या. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि बरेचदा लगेच दुखतही नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याला जागा नाही.

बोरॉन स्वस्त आहे, बोरिक ॲसिड कुठंही मिळतं. पण भट्टीत तापवताना, विशेषतः हवेत ओल असली की, बोरॉन उडून जातो आणि उरलेला थर पावसाळ्यात धुरकट होतो. शिवाय थरात किती बोरॉन उरला हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या एक्स-रे डिटेक्टरवर नीट कळत नाही, फार हलका अणू आहे तो. फॉस्फरसचा थर ओल ओढतो. सुरुवातीला मी टायटेनियम सुचवतो. तो जागचा हलत नाही आणि मोजताही येतो.

थर चढवणं

सॉल-जेल पद्धत आपल्याला परवडणारी. द्रव मिश्रण (सॉल) थर म्हणून चढवायचं, ते घट्ट होऊन जेल बनतं आणि भाजल्यावर काच. टीईओएस (टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिका ज्यातून येते तो द्रव), इथेनॉल, पाणी आणि थेंबभर हायड्रोक्लोरिक आम्ल. टीईओएसच्या एका मोलला चार मोल इथेनॉल आणि चार मोल पाणी घेतलं की काम भागतं. दोन-तीन तास ढवळा, एक दिवस मुरू द्या.

टायटेनियमचं आयसोप्रोपॉक्साइड घालताना घाई नडते. ते पाण्याला इतकं भुकेलेलं असतं की बाटलीचं झाकण उघडताच तोंडाशी पांढरी पूड धरते. पाणी घातलेल्या सॉलमध्ये थेट ओतलं तर दह्यासारख्या गाठी होतात. आधी टीईओएसला थोडंसंच पाणी देऊन तास-दीड तास ढवळा, म्हणजे ते पाणी त्यात खर्ची पडेल. दुसऱ्या भांड्यात आयसोप्रोपॉक्साइड थोड्या ॲसिटिलॲसिटोनमध्ये मिसळा, रंग पिवळा होतो, तो व्हायलाच हवा. मग हे पिवळं मिश्रण थेंबथेंब सोडा आणि उरलेलं पाणी शेवटी घाला. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम पहाटे करू नका, दमट हवेत बाटली खराब होते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा हा एक फायदा.

सब्सट्रेट म्हणून, म्हणजे थर ज्यावर चढवायचा तो आधार म्हणून, सिलिकॉन वेफरचे (सिलिकॉनच्या पातळ चकतीचे) तुकडेच घ्या. माझे पहिले चार महिने इथंच वाया गेले. वेफर महाग वाटला म्हणून मायक्रोस्कोपच्या स्लाइडवर थर चढवले. दिसायला सुरेख, रंगही छान. ५०० अंशांना भाजले, मोजायला पाठवले, तर चढ जवळजवळ शून्य. मी मोजणाऱ्यांना दोष दिला, यंत्राला दिला, डोपंटलाही दिला. खरी गोष्ट अशी, की स्लाइड सोडियमच्या काचेची. भाजताना तिच्यातला सोडियम वर माझ्या थरात चढला होता. मी डोपंट म्हणून टायटेनियम घातलं होतं आणि मोजत होतो सोडियमचा परिणाम.

वेफरचा तुकडा ॲसिटोन, मग इथेनॉल, मग डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन सुकवा. सॉलमध्ये बुडवून एकसारख्या वेगानं वर ओढा. हातानं ओढलेल्या थरावर आडवे पट्टे येतात, म्हणून छोटी गिअर मोटर लावा. आमची मोटर एका मोडक्या चार्ट रेकॉर्डरमधली आहे. वेग जास्त तर थर जाड. पण एका बुडवणीत अर्ध्या मायक्रॉनच्या पुढं गेलात तर सुकताना भेगा पडतात, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या. दीडशे नॅनोमीटरच्या आसपासचे सहा-सात थर एकावर एक चढवा आणि प्रत्येकानंतर ४०० अंशांना दहा मिनिटं भाजा. शेवटी ९०० ते १००० अंशांना तासभर. एवढं तापवल्याशिवाय थरातली सूक्ष्म छिद्रं मिटत नाहीत, आणि छिद्रं राहिली तर वेग सिलिकेच्या वेगापेक्षा खूपच खाली दिसतो. मग तुम्ही ते डोपंटच्या नावावर टाकता.

तुकडा तिरपा धरून पाहा. ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखे रंग दिसतील. मधल्या भागात एकच रंग सलग हवा. तिथंच मार्करनं कडेला बारीक बाण करून ठेवा, पुढची सगळी मोजणी त्या जागेवर होणार आहे.

ओल काढा, मग बोला

तापमानाचा परिणाम म्हणून छापून आलेल्या काही आलेखांकडं पाहून मला शंका येते, की यात निम्मी करामत पाण्याची असावी. सॉल-जेलच्या थरात पाणी शिरतं आणि तापवताना निघून जातं. पाणी गेलं की थर हलका होतो, ताठरपणा बदलतो, वेग सरकतो. तुम्हाला वाटतं तापमानामुळं झालं.

ओळखायची खूण सोपी. ३० अंशांवरून १२० पर्यंत जाताना रीडिंग घ्या आणि परत खाली येताना घ्या. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असेल तर ओल आहे. अशा वेळी थर २०० अंशांना दोन तास ठेवा, तिथंच कोरड्या नायट्रोजनच्या झोतात थंड होऊ द्या आणि पुन्हा फेरी घ्या. दोन्ही रेषा एकमेकींवर पडेपर्यंत एकही आकडा वहीच्या मुख्य पानावर लिहायचा नाही. कॉलेजात एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट काढणारं यंत्र) असेल तर ३४०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा रुंद पट्टा पाहा. तो म्हणजे पाणी आणि हायड्रॉक्सिल. थर न चढवलेला वेफरचा तुकडा पार्श्वभूमी म्हणून घ्यायला विसरू नका.

मोजायचं कशानं

पाण्यासाठी वापरलेला इंटरफेरोमीटर इथं बिनकामाचा. २ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची सिलिकेतली तरंगलांबी जवळपास ३ मिलिमीटर भरते आणि आपला थर आहे एक मायक्रॉन. गोधडीच्या सुतांची वीण मोजायला सर्व्हेची साखळी आणल्यासारखं ते होईल. थराएवढीच लहान तरंगलांबी हवी, म्हणजे गिगाहर्ट्झमधला ध्वनी, आणि तो प्रकाशानंच निर्माण करता येतो किंवा पाहता येतो.

एक रस्ता ब्रिलुआँ प्रकीर्णनाचा. पदार्थात उष्णतेमुळं ध्वनिलहरी कायम हिंडतच असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या लेसरची वारंवारता किंचित सरकते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सरळ मागं परतला तर ही सरक दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले ध्वनिवेग, भागिले तरंगलांबी. सिलिकेसाठी १.४६ आणि ५९६० घालून पाहा, ३२.७ गिगाहर्ट्झ येईल. थराची जाडी या सूत्रात नाहीच, हे या पद्धतीचं मोठं सुख. मात्र थर फार पातळ असेल तर शिखर पसरट होतं, म्हणून आपण मायक्रॉनभर जाडी गाठायला निघालो होतो. ५० अंश तापवल्यावर शिखर सुमारे १५० मेगाहर्ट्झ सरकतं. त्यातला थोडासा वाटा अपवर्तनांकाचा असतो, अंशाला दहा लाखात सहा-सात भाग, तो वजा करायचा.

दुसरा रस्ता पिकोसेकंद अल्ट्रासॉनिक्सचा, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात निघालेला. थरावर ॲल्युमिनियमचा तीसेक नॅनोमीटरचा लेप देतात. लेसरचा अतिसूक्ष्म ठोका त्यावर पडला की लेप क्षणात फुगतो आणि थरात ध्वनीची टिचकी मारतो. टिचकी तळापर्यंत जाऊन सिलिकॉनवरून परत येते, लेपाची परावर्तनक्षमता किंचित बदलते आणि दुसरा, उशिरा सोडलेला ठोका ती टिपतो. एक मायक्रॉनच्या सिलिकेत जाऊन येऊन ३३६ पिकोसेकंद लागतात. उशीर मोजायला घड्याळ नसतं, आरसा मागं सरकवतात. आरसा ०.१५ मिलिमीटर सरकला की एक पिकोसेकंद उशीर.

ही यंत्रं आपल्या गावात नसणार, त्याची लाज नाही. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांमधली उपकरणं शोधता येतात आणि वेळ मागता येते. मागताना गाइडचं पत्र, थराची अंदाजे जाडी आणि सब्सट्रेट काय आहे हे स्पष्ट लिहा. आणि एक प्रश्न आधीच विचारा: सॅम्पल तापवायची सोय तुमच्याकडं आहे का? अनेक ठिकाणी नसते. मग तापवायचा छोटा स्टेज आपणच बनवून न्यावा लागतो.

तापमान कुणाचं मोजताय?

हॉट प्लेटच्या पडद्यावरचा आकडा हॉट प्लेटचा असतो, थराचा नसतो. दोन्हींत १५-२० अंशांचा फरक मी स्वतः पाहिलाय. वेफरचाच दुसरा तुकडा सॅम्पलशेजारी ठेवा, त्यावर पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापक) किंवा के-टाइप थर्मोकपल सिल्व्हर पेस्टनं चिकटवा आणि तो आकडा खरा माना. दोन्ही तुकड्यांखाली थर्मल ग्रीसचा पातळ हात द्या. सुरुवातीला वितळणाऱ्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात थर्मोकपल तपासा. आपण समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचावर आहोत, तेव्हा पाणी १०० ला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळेल. थर्मोकपलला दोष देऊ नका.

पंखा बंद. मे महिन्यात ४३ अंशांत हे सांगणं क्रूर आहे, मान्य. आमच्या प्रयोगशाळेतले मामा प्रेमानं येऊन पंखा लावून जायचे आणि ग्राफवर दर वीस मिनिटांनी एक खड्डा पडायचा. खड्डा कशाचा हे शोधण्यात एक आठवडा गेला. आता स्टेजवर ॲल्युमिनियमचं झाकण असतं, लेसरला भोक ठेवलेलं, आणि मामांना चहा आधीच पाजलेला असतो. हीटर पीआयडी कंट्रोलरवर (तापमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या) चालवा, कंट्रोलर यूपीएसवर. वीज गेली तर फेरी पुन्हा पहिल्यापासून करा, अर्ध्यातून जोडू नका.

लेसर स्वतःही सॅम्पल तापवतो. थर पारदर्शक असला तरी खालचं सिलिकॉन किंवा वरचा लेप प्रकाश गिळतो. एकाच तापमानाला लेसरची शक्ती पूर्ण, निम्मी आणि पाव अशी ठेवून तीन रीडिंग घ्या. आकडा बदलत असेल तर शून्य शक्तीपर्यंत रेषा वाढवून जो आकडा येईल तो खरा.

प्रत्येक तापमानाला पोहोचल्यावर दहा मिनिटं थांबा. ३० ते १२० अंशांमध्ये दर दहा अंशांनी एक थांबा, वर जाताना आणि खाली येताना.

हिशेब: फरक मोजा, मूल्य नको

समजा जाडी तुम्हाला तीन टक्क्यांच्या चुकीनं माहीत आहे. म्हणजे पिकोसेकंद पद्धतीनं काढलेला वेगही तीन टक्क्यांनी डगमगणार, ५९६० मध्ये १८० मीटर इकडं-तिकडं. आणि ५० अंशांत वेग वाढणार आहे जेमतेम २५ मीटर. चूक मोजायच्या गोष्टीच्या सातपट! हे पाहून मुलं हताश होतात आणि जाडी अधिक अचूक मोजायच्या मागं लागतात. सहा महिने जातात.

त्यांनी तसं करू नये. जाडी कितीही चुकीची माहीत असो, एकाच जागेवर एकाच थरात ती प्रत्येक तापमानाला तीच असते. म्हणून प्रत्येक तापमानाची वेळ ३० अंशांच्या वेळेनं भागा. भागाकारात जाडी उडून जाते. उरतं ते फक्त तापल्यामुळं जाडी किती बदलली एवढंच. आता थर सिलिकॉनला चिकटलेला आहे, आडवा पसरताना त्याला सिलिकॉनच्या मागं जावं लागतं, आणि सिलिकॉन अंशाला दहा लाखात २.६ भाग फुगतं. आडवं ओढलं गेल्यामुळं थर उभ्या दिशेत किंचित आकसतो. सिलिकेचे आकडे घालून पाहिलं तर जाडीतला बदल अंशाला दहा लाखात अर्ध्या भागाहूनही कमी निघतो. आपण शोधतोय ८५ भाग. सोडून द्या, पण सोडलं असं वहीत लिहा.

प्रत्यक्ष आकडे असे दिसतील. ३० अंशांना प्रतिध्वनी ३३६.० पिकोसेकंदांवर. ८० अंशांना ३३४.६ वर. वेळ घटली, वेग वाढला. १.४ भागिले ३३६, भागिले ५०, अंशाला दहा लाखात साधारण ८३. प्रतिध्वनीचं शिखर ०.२ पिकोसेकंदांपर्यंतच धरता येत असेल तर दोनच बिंदूंवर काढलेला हा आकडा डळमळीत आहे. ९० अंशांच्या पूर्ण पल्ल्यात दहा बिंदूंतून सरळ रेषा बसवली की चूक दहा टक्क्यांच्या आत येते. त्याहून अचूक असल्याचा दावा परीक्षकांसमोर करू नका, ते विचारतील.

डोपंटचा परिणाम सांगायचा तर डोप न केलेला थर त्याच दिवशी, त्याच भट्टीत, डोपंट घालण्याआधीच्या त्याच सॉलमधून केलेला हवा. आणि सोबत एक तिसरा तुकडा ठेवा: भट्टीत ऑक्सिजनमध्ये वाढवलेला ऑक्साइड असलेला वेफर, जो विकत मिळतो. त्याच्यात डोपंट नाही, छिद्रं नाहीत, ओल नाही. त्याचा चढ ८५ च्या आसपास आला तरच त्या दिवशीची बाकीची रीडिंग ठेवायची. तो ६० किंवा १२० आला तर थर्मोकपल बघा, पंखा बघा, लेसरची शक्ती बघा. डोपंटबद्दल बोलायची ती वेळ नव्हे.

थंडीकडं जायचं असेल तर

हे दुसऱ्या वर्षाचं काम. सिलिका थंड करत गेलात तर वेग घटत जातो, पण कायम नाही. द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या जवळपास तळ लागतो आणि त्याहून थंड केलं की वेग पुन्हा चढू लागतो. डोप केलेल्या थरात हा तळ कुठं सरकतो, हा प्रश्न चांगला आहे.

द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणून अडून बसू नका. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्याच्यातच बुडवून ठेवलेल्या असतात. तिथल्या डॉक्टरांना पुरवठा कुठून होतो ते विचारा, त्यांच्या कॅनमधला मागू नका, त्यांचं काम अडतं. मिळालेला कॅन बंद जीपमध्ये काचा लावून आणायचा नाही, वाफ ऑक्सिजनला बाजूला सारते. टोपण घट्ट बसवायचं नाही. आणि सॅम्पल निर्वात पेटीत नसेल तर मिनिटभरात त्यावर दव गोठतं, मग तुम्ही बर्फातला ध्वनिवेग मोजत बसता.